दोन्ही बाजूंना सारखं

आमच्या घरात देवाचं नाव जितक्या वेळा निघायचं, त्याहून जास्त वेळा ‘सरळ’ हा शब्द निघायचा. सरळ बस. सरळ उभी राहा. पुस्तक डोळ्यांपाशी आण, डोळे पुस्तकापाशी नेऊ नकोस. बाबा सुरतेतल्या एका मराठी शाळेत व्यायामशिक्षक होते आणि शाळा सुटली तरी त्यांची शिकवणी काही सुटायची नाही. मी जेवायला बसले की त्यांचं लक्ष ताटाकडे नसायचं, माझ्या पाठीकडे असायचं. कुणाच्या वडिलांना मुलीच्या गणिताची काळजी असते, कुणाच्या वडिलांना तिच्या स्वयंपाकाची. माझ्या वडिलांना माझ्या कण्याची काळजी होती. आणि जगातल्या ज्या एका गोष्टीला त्यांनी इतकं जपलं, तीच त्यांच्या हातून निसटली.

आम्ही सुरतेच्या पांडेसऱ्यात राहायचो. आमच्या ओळीतली बहुतेक घरं खानदेशातून आलेली, आणि बहुतेक घरांतली माणसं कापडाच्या डाइंग मिलमध्ये. मागच्या खाडीचं पाणी एके दिवशी गुलाबी असायचं, दुसऱ्या दिवशी हिरवं. आम्हा मुलांना त्यात काही विशेष वाटत नसे. बाबाही मूळचे जळगावकडचे, पण शिक्षक झाल्यापासून त्यांनी घरात अहिराणी बोलणं सोडलं होतं. आई मात्र अहिराणीच बोलायची, आणि बाबा तिला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. बोलणं काय आणि उभं राहणं काय, दोन्हीत शिस्त पाहिजे असं त्यांचं म्हणणं. आई यावर नुसती मान हलवायची आणि पुन्हा अहिराणीतच भाजीचं विचारायची.

संध्याकाळी मिल सुटली की ओळीतले काका आमच्या ओट्यावर येऊन टेकायचे. दिवसभर मशीनसमोर उभं राहून कुणाची कंबर धरलेली असायची, कुणाची मान. बाबा त्यांना तिथेच भिंतीला पाठ लावून उभे करायचे. टाचा भिंतीला, खांदे भिंतीला, हनुवटी आत. मग श्वास घ्यायला लावायचे. आधी श्वास, मग हालचाल, हा त्यांचा पहिला नियम. कालच्यापेक्षा आज थोडंसंच जास्त करायचं, अंगात जोर आहे म्हणून एकदम उडी मारायची नाही, हा दुसरा. पाण्याचा हंडा कमरेतून वाकून उचलायचा नाही, गुडघ्यांत बसून उचलायचा. दमल्यावर स्वस्थ पडून राहणं हाही व्यायामच. हे सगळं ते इतक्या मन लावून सांगायचे की काका लोक चहा येईपर्यंत गुमान ऐकून घ्यायचे.

पण सगळ्यांच्या वरचा नियम एकच होता: दोन्ही बाजूंना सारखं. उजव्या हाताने जेवढं, तेवढंच डाव्या हाताने. डावीकडे वळलात तर उजवीकडेही वळा. शरीर म्हणजे तराजू आहे, ते म्हणायचे, एका पारड्यात टाकत राहिलात तर दोष तराजूचा नाही. स्वतः या बाबतीत ते इतके कट्टर होते की दुधाची बरणी निम्म्या रस्त्यापर्यंत उजव्या हातात धरायचे आणि विजेच्या खांबापाशी आल्यावर डाव्या हातात घ्यायचे. आम्ही मुलं त्या खांबाला ‘बाबांचा नाका’ म्हणायचो.

आई घरबसल्या साड्यांचे धागे कापायची. मिलमधून गठ्ठे यायचे, साडीच्या मागचे लोंबते धागे कात्रीने उडवायचे आणि घडी घालून परत द्यायचे. ते काम खाली बसून, मान पार छातीला टेकवून चालायचं. बाबांनी तिच्यासाठी चौरंगाला उंच पाय लावून घेतले, म्हणजे साडी वर येईल आणि मान खाली जाणार नाही. आईने तो चौरंग चार दिवस वापरला आणि मग त्यावर लोणच्याची बरणी ठेवली. तिच्या मानेपुढे बाबांनी हात टेकले. माझ्यापुढे टेकले नाहीत.

मी पाचवीत असेन, तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर राहतो. सकाळी शाळेला निघताना मी दारात उभी, ते समोर. त्यांनी तळहात माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि खाली दाबला. “खाली,” ते म्हणाले. मी खांदा खाली घेतला. त्यांनी हात काढला आणि खांदा पुन्हा वर आला. त्यांना वाटलं, पोरगी दप्तर एकाच खांद्यावर लटकवते, त्याची सवय लागली. व्यायामशिक्षकाला हेच वाटणार. सवय लागते, सवय मोडता येते, यावर तर त्यांचा सगळा संसार उभा होता.

त्या दिवसापासून तो तळहात माझ्या मागे लागला. जेवताना, अभ्यास करताना, देवापुढे हात जोडून उभी असताना, कुठूनही तो हात यायचा आणि उजवा खांदा दाबायचा. खाली. खाली म्हटलं ना. पट्टा एका खांद्यावर घ्यायचं दप्तर गेलं आणि दोन पट्ट्यांचं पाठीवरचं आलं. ओळीतल्या एका फिटर काकांकडून त्यांनी लोखंडी पाइप आणून स्वयंपाकघराच्या दारात आडवा बसवून घेतला. रोज सकाळी मी त्याला लटकायचं. लटकलं की कणा मोकळा होतो, मणक्यांत जागा होते, ते समजावून सांगायचे. मी लोंबकळत राहायची आणि माझ्या पायांखालून आई चहाची भांडी घेऊन ये-जा करायची. हाताला घट्टे पडले. खांदा मात्र होता तिथेच राहिला.

मी ऐकत नाही असं त्यांना वाटायचं. हे मला सगळ्यात जास्त लागायचं. मी इतकं ऐकायची की झोपेतही पाठ ताठ ठेवायची. तरी शाळेत कवायतीला उभी राहिले की समोरून त्यांचा आवाज यायचा, “तिसऱ्या रांगेतली, खांदा!” नाव घ्यायचे नाहीत, कारण शाळेत ते माझे बाबा नव्हते. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं की तिसऱ्या रांगेतली म्हणजे कोण. व्यायामाच्या सरांची मुलगीच वाकडी, असं मुली हसून म्हणायच्या, आणि मी एकीच्या वेणीला धरून तिला मातीत पाडलंही होतं. त्याबद्दल मला शिक्षा झाली ती बाबांकडूनच.

आईला निराळंच दिसत होतं. माझा शाळेचा फ्रॉक उजवीकडे वर उचलला जायचा. डावा गुडघा झाकलेला, उजवा उघडा. आईचं अर्धं आयुष्य कापडात गेलेलं. तिला वाटलं शिंप्याने घोळ केला. “कापडच तिरकं कापेल शे,” ती म्हणाली आणि खालची दुमड उसवून, उजवीकडे थोडी सोडून, पुन्हा हातशिलाई घातली. फ्रॉक सरळ दिसायला लागला. पुढच्या वर्षीच्या फ्रॉकलाही तेच झालं, तिने पुन्हा शिंप्याला दोन शब्द सुनावले आणि पुन्हा दुमड उसवली. मग सवयच झाली. नवा फ्रॉक आला की मी तो घालून स्टुलावर उभी राहायची, आई तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरायची आणि उजवी बाजू सोडायची. दरवर्षी आधीपेक्षा थोडी जास्त. असं आमचं चाललं होतं. बाबा मला सरळ करत होते, आई फ्रॉक सरळ करत होती, आणि दोघांच्या मध्ये माझी पाठ तिच्या मनाप्रमाणे वाढत होती.

एकदा मात्र हे उघड होता होता राहिलं. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी सगळी ओळच रिकामी झाली, आणि आम्हीही मिळेल त्या गाडीने गावी आत्याकडे गेलो. आत्याने मला न्हाणीत बसवून अंघोळ घातली. पाठीला साबण लावता लावता तिचा हात थांबला. मग तो पाठीवरून हळूहळू फिरला, वर, खाली, परत वर. तिने भराभर पाणी ओतलं. बाहेर येऊन बाबांना म्हणाली, “दादा, पोरनी पाठ दखी का तू? एक बाजू वर येल शे. तो हाड बसाडणारा शे ना वरल्या गल्लीमा, त्याले दखाडी दे एकदाव.”

हाड बसवणाऱ्याचं नाव ऐकलं आणि बाबांचं डोकं सणकलं. हे असले अडाणी उपाय त्यांना मुळीच खपत नसत. शाळेतली किती पोरं त्यांनी असल्या माणसांच्या हातून सोडवली होती. ते आत्याला रागाने म्हणाले की पाठीला काही झालेलं नाही, सवय आहे, व्यायामाने जाईल, आणि मुलीच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. आत्याचा उपाय चुकीचा होता, यात बाबांचं काही चुकलं नाही. पण उपायाबरोबर त्यांनी तिचं पाहणंही झिडकारलं. दारातल्या दारात उभे होते ते, माझा सदरा वर करून एकदा बघितलं असतं तर! मी हे पुष्कळदा मनात म्हणते आणि दर वेळी तितकीच चिडते. मुलगी मोठी होत चालली होती, बापाने तिची उघडी पाठ बघायची नाही, हेही त्यात होतंच. आमच्याकडे हे कुणी सांगत नाही, ते आपोआप होतं.

सुरतेला परत आल्यावर लटकणं वाढलं. मी भराभर उंच होत होते आणि बाबांना त्याचा आनंद होता. पाइपचा गुण, ते म्हणायचे.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी, सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तालीम चालू होती. आता कवायत कशी घेतात ते सांगायला हवं. शिक्षक समोर ओट्यावर उभा राहतो, तोंडात शिट्टी, आणि आकडे म्हणतो. मुलं त्याच्याकडे तोंड करून उभी असतात. त्याला दिसतात ती तोंडं, छात्या, खांदे आणि गुडघे. बाबांनी मला वर्षानुवर्षं असंच पाहिलेलं होतं, समोरून. कमरेत वाकायची वेळ आली की त्यांना आमची डोकी दिसायची. पाठ त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही.

त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता, म्हणून आकडे म्हणायला त्यांनी दुसऱ्या एका सरांना ओट्यावर उभं केलं आणि स्वतः रांगा सरळ आहेत का ते बघायला मैदानाच्या मागच्या टोकाला गेले. सर म्हणाले, एक, आम्ही हात वर केले. दोन, हात समोर. तीन, सगळी शाळा कमरेतून वाकली. माझे हात पायांच्या बोटांना लागले होते. वाकण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. सर चार म्हणणार, इतक्यात मागून शिट्टी वाजली. लांब वाजली, आणि मध्येच तुटली. “कुणी उठू नका,” बाबांचा बसलेला आवाज आला. “तसेच राहा.”

आम्ही वाकलेल्या अवस्थेत थांबलो. डोक्यात रक्त उतरलं, मुली कुजबुजायला लागल्या. मला माझ्या पायांच्या मधून उलटं मैदान दिसत होतं आणि त्या उलट्या मैदानातून बाबांचे पांढरे बूट येत होते. ते रांगांमधून सरळ माझ्या मागे येऊन थांबले. मग तो तळहात आला. खांद्यावर नाही, पाठीवर. आधी डावीकडे, जिथे पाठ सपाट होती. मग उजवीकडे, जिथे ती उशी ठेवल्यासारखी वर आली होती. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. शेजारच्या मुलींच्या पाठी दोन्ही बाजूंना सारख्या होत्या, त्या त्यांना दिसतच असतील. माझीच एकटीची नव्हती.

“ऊठ,” ते म्हणाले. मी उठले आणि सवयीने उजवा खांदा खाली घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ज्या माणसाने शाळेत मला कधी मुलगी म्हटलं नव्हतं, तो सगळ्या मैदानासमोर अहिराणीत म्हणाला, “मनी पोर... मी मांगून कधी दखंच नही.”

हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी मला वाकवलं, उभं केलं, फोटो काढायला पाठवलं आणि एक्स-रेची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. माझा कणा मी पहिल्यांदा पाहिला. मधोमध जायचं सोडून तो उजवीकडे निघाला होता आणि खाली येता येता परत डावीकडे वळला होता. आईने पदर तोंडाला लावला. बाबा फिल्मच्या अगदी जवळ गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. ते उभे होते अगदी ताठ, आणि मला त्यांच्या त्या ताठपणाची त्या क्षणी फार कीव आली.

“मास्टरजी, ये आदत नहीं है,” डॉक्टर म्हणाले. “ये हड्डी है.”

बाबांनी विचारलं की दप्तराने झालं का. नाही. बसण्याने? नाही. कुणाच्याच चुकीने होत नाही, काही मुलींना वाढीच्या वयात होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मग बाबांनी खालच्या आवाजात विचारलं, “मैं इसको रोज लटकाता था. उससे बढ़ा क्या?”

“उससे न बढ़ा, न घटा.”

बढ़ा म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला बाबांच्या तोंडाकडे बघून वाटलं. माणूस आपल्या अपराधाचं ओझं कसंतरी वाहतो. पण इतक्या वर्षांच्या सकाळी, इतके नियम, इतकं ओरडणं, आणि ते सगळं धड वाईटही नाही, चांगलंही नाही, असून नसल्यासारखं! डॉक्टर पुढे म्हणाले की वाढ चालू असताना आला असतात तर पट्टा बांधला असता, दिवसभर घालायचा असतो तो, त्याने बहुतेक तिथेच थांबलं असतं. आता वाढ जवळजवळ संपली. ऑपरेशन मुंबईला होतं, जोखमीचं आहे, आणि इतक्या वाकासाठी मी सांगणार नाही. श्वास नीट चालतोय, पोरगी चालती-फिरती आहे. ऐसे ही रहेगी.

आम्ही रिक्षाने परत निघालो. उधना दरवाज्यापाशी सिग्नलला थांबल्यावर आई एकदम म्हणाली, “मी फ्रॉक नीट करत ऱ्हायनू.” एवढंच म्हणाली. नंतर कितीतरी दिवस ती गठ्ठ्यातली साडी मांडीवर घेऊन नुसती बसलेली असायची, कात्री हातात आणि धागा तसाच.

‘सरळ’ हा शब्द आमच्या घरातून गेला. कुणी ठरवलं नव्हतं, पण गेला. बाबा रस्ता विचारणाऱ्यालाही ‘नाकासमोर जा’ सांगायचे. मी पुस्तकावर पार वाकून बसले तरी ते बघून न बघितल्यासारखं करायचे. आधी मला वाटलं सुटले एकदाची. मग कळेना की मला कसली चुटपुट लागली आहे. एकदा मुद्दाम जेवताना पाठीला मोठा बाक काढून बसले आणि वाट पाहिली. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याकडे पाहिलं आणि आमटी वाढून घेतली. मला रडू आलं. तिखट लागलं, असं मी म्हटलं. स्वयंपाकघराच्या दारातला पाइप तसाच राहिला. आई त्यावर ओले कपडे वाळत घालायला लागली.

शाळेत मात्र बाबा बदलले. कवायत सगळे शिक्षक पुढून घेतात. बाबा मागून घ्यायला लागले. ओट्यावर एखाद्या मोठ्या मुलीला आकडे म्हणायला उभी करायची आणि आपण मागच्या टोकाला जायचं. तीन म्हटलं की सगळ्यांना वाकून थांबवायचं आणि रांगांमागून चालत जायचं. मुलं हसायची. शिक्षकांच्या खोलीतही हसत असावेत. बाबांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. ते पाठी बघत चालायचे, आणि पाठी बघताना त्यांचे ओठ हलायचे. मला माहीत होतं ते काय म्हणत असणार. सारखं. सारखं. सारखं.

अशाने त्यांना खालच्या वर्गातली एक मुलगी सापडली. तिची पाठ अगदी थोडी वर होती, माझी पाचवीत असेल तेवढी. बाबा त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिचा बाप मिलमधला, तो म्हणाला काही नाही सर, खेळते-कुदते पोर, दूध कमी पिते. बाबा उठेनात. शेवटी दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्या बापाला आणि तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. तिला पट्टा मिळाला. चामड्याचा आणि पत्र्याचा, हनुवटीपर्यंत येणारा. तो घालून ती प्रार्थनेला आली तेव्हा सगळ्या शाळेने माना वळवून पाहिलं.

घरी बाबा म्हणाले, “ती वाचेल.” त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड होता. मी म्हटलं, “हो, वाचेल,” आणि आत निघून गेले. मला त्या मुलीचा भयंकर राग आला. तिचा पट्टा माझा होता. माझ्या पाठीवर शिकून बाबांनी तिची पाठ वाचवली, आणि ही गोष्ट चांगली होती हे मला पुरेपूर समजत होतं, आणि तरी राग यायचा. तो राग यायला नको होता असं मला आजही वाटत नाही. बाबांना तो कळला असावा. त्यांनी माझ्यासमोर तिचा विषय पुन्हा काढला नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले आणि गावाकडून स्थळांची विचारणा सुरू झाली. म्हणजे फोटो पाठवायचा आला. आईने पुन्हा सुई-दोरा काढला. माझ्या ब्लाउजच्या डाव्या खांद्यात आतून कापसाची छोटी गादी शिवली, म्हणजे दोन्ही खांदे एका रेषेत दिसतील. साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा ठरलं. आणि तिने बाबांना बजावलं, “बठीसन काढा फोटो. उभा नको.” मी आरशात पाहिलं. आरशातली मुलगी इतकी सरळ होती की मी तिला ओळखलंच नाही. मी ती गादी उसवून काढली आणि आईच्या हातात दिली. आई रडली, मी तिच्यावर ओरडले. बाबा दारात चपला घालून उभे होते, आणि दोघींपैकी कुणाचीच बाजू न घेता रस्त्याकडे बघत होते.

स्टुडिओत फोटोवाल्याने मला पडद्यासमोर उभं केलं. आईने बजावलेलं विसरून बाबांनीच त्याला उभा फोटो सांगितला. तो गुजराती होता, गोड बोलणारा. कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, “बेन, जमणो खभो जरा नीचे करो ने.” उजवा खांदा. मी केला. त्याचं समाधान होईना. “हजी नीचे. अरे, सीधा ऊभा रहो ने बेन.”

कितीतरी वर्षांत तो शब्द बाबांसमोर कुणी मला म्हटला नव्हता. बाबा खुर्चीवरून उठले आणि दिव्यांच्या उजेडात माझ्याकडे आले. त्यांचा उजवा हात वर झाला होता, आणि मला लहानपणीसारखंच कळलं की आता तळहात येणार. मी खांदा कडक केला, दाब सहन करायला तयार झाले. हात आला. उजव्या खांद्यावर ठेवला गेला. आणि नुसता राहिला. दाबला नाही.

“एनो खभो एवोज छे,” बाबा फोटोवाल्याला म्हणाले. तिचा खांदा तसाच आहे. “एमज पाडो.” तसाच काढा फोटो.

फोटोवाला गडबडला असावा, कारण बाबा बाजूला व्हायच्या आतच त्याने बटण दाबलं. मग ओशाळून हसला, फोटो बिघडला म्हणाला, आणि दुसरा काढला, माझ्या एकटीचा. तो दुसरा फोटो गावोगाव फिरला आणि दर वेळी घरी परत आला. कुणी कारण कळवलं नाही, कळवायची गरजही नव्हती. दर वेळी तो परत आला की बाबा ओट्यावर जाऊन भिंतीला पाठ लावून बराच वेळ उभे राहायचे, टाचा भिंतीला, खांदे भिंतीला. माझं पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. मी आहे, माझी पाठ आहे, दोघी एकमेकींना सांभाळून आहोत. बाबा आता नाहीत.

शेवटच्या खेपेला दुसरा फोटो कुठल्या तरी घरी राहून गेला, नीट काढलेला तो. माझ्याकडे आहे तो बिघडलेला. त्यात मी उभी आहे, माझा उजवा खांदा वर आहे आणि कडेने आत आलेला बाबांचा हात त्याच्यावर आहे. दाबलेला नाही, हे बोटांवरून दिसतं.